सालोटा : बाकी

बडोद्यात चढ शोधावा लागतो.
फत्तेगंजचा पूल, तो एक.
अकोट्यातली अकरा मजल्यांची इमारत, तो दुसरा.
लिफ्ट चालू असतानाही आम्ही दोघी
पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन जिन्यानं.
वॉचमन रोज विचारायचा, कोने घेर जवुं छे?
कोणाच्याच नाही, काका. वरपर्यंत.

पन्नाशीच्या आत शंभर शिखरं,
हे निरुपमानं ठरवलं सेव-उसळ खाताना.
माझं तोंड पोळलं होतं. मी नुसती मान हलवली.
वही तिच्या सिंचन खात्यातली, मोजमापाची.
दोन रकाने : नि. आणि वृं.
नियमही तिचेच.
झेंड्याशेजारचा फोटो चालणार नाही.
सगळ्यात उंच दगडाला हात लागला पाहिजे.
तीन मीटर खाली म्हणजे खालीच.

शहाण्णव झाली तशीच. रात्रीची गाडी,
सापुताऱ्याला पहाटेचा चहा, दुपारी कातळ,
सोमवारी नऊला ती कालव्यांच्या नकाशांवर,
मी शाळेत, पोटऱ्या चोळत भूमिती.

मग सालोटा.
शेवटच्या पायऱ्यांच्या वर कपारीत आग्यामोहोळ,
आणि धुकं असं की स्वतःचे बूट उसने वाटावेत.
ती थांबली. म्हणाली, मी नाही. तू जा.
मी गेले, ओणवी, श्वास धरून.
वर गेले, म्हणजे
वर जाणं संपलं अशा एका जागी गेले.
एक दगड होता. त्याला हात लावला.
पलीकडे आणखी एक होता का,
पाहिलं नाही. खरं सांगायचं तर
पाहायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर, नवापूरच्या ढाब्यावर,
तिनं आपल्या रकान्यात लिहिलं : बाकी.
माझ्या रकान्यात बरोबरची खूण केली,
नीट, ठसठशीत, सरकारी.
आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा बोलायला हवं होतं.
ताटात भेंडी होती, मी भेंडी खाल्ली.

आज ती पुन्हा निघाली आहे, एकटी.
सहा नंबरवर मी तिचा डबा धरून उभी.
समोर पिवळी पाटी. बडोद्याच्या नावाखाली
समुद्रसपाटीपासूनची उंची, बारीक अक्षरात,
पस्तीस-छत्तीस मीटर, वर दशांशसुद्धा.
कोणीतरी इथं उन्हात उभं राहून
या सपाटीचाही दशांश सोडला नाही.

निरू, मी म्हणते, वही दे जरा.
गाडी लागतेय, ती म्हणते. कशाला?
पेन आहे का तुझ्याकडे?