दीड वीत

कणकवलीच्या डॉक्टर मसुरकरांनी माझं आतडं
दीड वीत कापलं, आणि ट्रेमध्ये घालून भावाला दाखवलं.
तो म्हणाला, जेटीखाली कुजलेल्या दोरासारखं होतं.
त्या दिवशी तो जेवला नाही.

मग डॉक्टरांचा रोज एकच प्रश्न :
वारा सरला का?

देवगडात जन्मलेल्याला वाऱ्याचंच विचारणार.
बापाने पण जन्मभर तेच विचारलं,
पहाटे, बंदरावर, ओलं बोट हवेत धरून.
मी खाटेवर आडवा, कान पोटाशी लावून,
आणि वॉर्डातले सहा जण माझ्या वाऱ्याच्या वाटेला डोळे लावून.
चौथ्या रात्री सुटला.
शेजारच्या गांवकरांनी अंधारातच टाळी वाजवली.

बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळी.
चहा, क्रीमची बिस्किटं, गाडीवरचा गार वडा,
पुन्हा चहा.
पाण्याच्या लाद्या करून बोटींना विकल्या,
स्वतः मात्र घोटभर प्यायलो नाही.
दोनच्या सुमारास पोटात पीळ पडायचा,
वाटायचं, जागरण आहे. जाईल.

इंदू तारी भेटायला आली, जेटीवर मासे साफ करते ती.
हाताचा वास साबणाने गेला नव्हता.
म्हणाली, "मासो पयलो पोटात कुसता.
वरसून बर्फ घालून काय उपेग?"

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं :
आतड्याला आतून मखमल असते,
केसाहून बारीक बोटं, तीच अन्नातलं सत्त्व धरतात.
मला मिठमुंबरीची खाडी दिसली,
ओहोटीला गाळ धरून बसलेली तिवरांची मुळं.
"आणि तिथे वस्ती आहे," ते म्हणाले, "कोट्यवधी जिवाणूंची.
चोथा, कोंडा, हा त्यांचा चारा.
नाही मिळाला, तर घराच्या भिंतीचा गिलावा खातात."
अकरा वर्षं मी त्यांना मैदा घातला.

पंधरा दिवस उकड्या तांदळाची पेज, मिठाचा खडा.
मग मुगाचं कढण. मग ताक.
मग एकदा घाई झाली, कुळथाची पिठी दोन वाट्या हाणली,
रात्रभर आत कोणीतरी वल्ही मारत होतं.
सकाळी इंदूने भांडं आदळलं :
"पोटाक इचारून खा!"
पोटाला काही विचारायचं असतं
हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

नाचणीची आंबील तिने आदल्या रात्री लावलेली.
झाकण काढून माझ्या कानाशी धरली.
बारीक बुडबुडे, चुळबुळ,
भिंतीपलीकडे लोक हळू बोलतात तशी.
"आयक," म्हणाली, "जिती आसा."

एक्केचाळिसाव्या दिवशी बांगडा.
तिरफळाचं तिखलं, फक्त अर्धा, असा हुकूम.
साफ मी करतो म्हणालो.
पोट चिरलं, काळपट गुंडाळी बोटाला लागली,
ती पाटावर सरळ करत गेलो, करत गेलो.
भाऊ म्हणाला, टाक ना ते.
मी अंगठा आणि करंगळी ताणून
मोजत होतो.
वीतभर माशात
दीड वितीहून जास्त निघालं.