पांढरा गोल

देवगडच्या जेटीकडे उतरणाऱ्या घाटीवर,
बर्फाच्या कारखान्यासमोर
रुझारचं गॅरेज, म्हणजे माडाचे चार खांब, वर पत्रे
आणि खाली ऑइल पिऊन काळा पडलेला जांभा.

तिथे तो ट्रक आला. लष्कराच्या लिलावातला.
जनीकाकी धुरतने पुण्याहून ओढत आणवला
होड्या वर घ्यायला.
बंपरमागे विंच होती, तेवढी बघून तिने पैसे मोजले.
इंजिन बघायला रुझार होता,
पान्हे द्यायला मी.

पहिल्याच दिवशी पेटीतून निघाल्या साखळ्या,
शिडीसारख्या विणलेल्या, जड.
"बर्फात चाकांका घालतत," रुझार म्हणाला.
समोर कारखान्यात लाद्या फुटत होत्या,
आम्ही तिकडे बघितलं
आणि पोट धरून हसलो.
पुढे खाडीच्या चिखलात त्याच साखळ्या चालल्या,
फार छान चालल्या.

मीठ आधी रंगाखाली शिरतं,
मग आतून फुगवतं, दुखऱ्या हिरडीसारखं.
तारेच्या ब्रशने खरवडायचं दिवसभर:
वर काकीचा होडीचा निळा,
खाली हिरवा,
त्याखाली वाळूसारखा पिवळा, परत हिरवा.
"रेतीतसून पण फिरान इलोहा ह्यो,"
रुझार म्हणाला. कागदपत्रं त्याने कधी उघडली नाहीत,
थर वाचले.

सुट्या भागांचं विचारू नका.
ट्रॉलरचा पाण्याचा पंप घासून बसवला,
इंजिनाखाली चपलेच्या टाचेचं रबर,
एक पाना तर रुझारने कानशीने
अख्ख्या पावसाळ्यात घडवला
एकाच नटासाठी.

आणि मागे, खाली, दोन चाकांच्या मध्ये
डिफरन्शियलचा गोळा. पांढरा रंगवलेला.
त्याच्यावर करंगळीएवढा दिवा, वायर तुटलेली.
"ह्या कित्याक?"
"माका म्हायत नाय. कोणी तरी मुद्दाम केलेला आसतला.
ऱ्हवांदे."
म्हणून दर एप्रिलात, होड्या वर घ्यायच्या आधी,
ऑइल, ग्रीस, विंचच्या वायरला चरबी,
आणि त्या गोळ्याला पांढरा.
काकी कमरेवर हात ठेवून:
"पैशे माजे, नि रंग ढुंगणाक!"

एका दुपारी हवालदार तळवडेकर
स्कूटरचं पंक्चर घेऊन आले.
बोलले नाहीत. गुडघा कडकन वाजवत वाकले,
खाली बघितलं.
"दिवो कित्याक बंद?"

रुझारने हात पुसले.

"रात्री हेडलायट लावची नाय," हवालदार म्हणाले.
"फुडल्याचो ह्यो गोल तेवढो दिसता.
तेचार नजर ठेवची. लगीत जावचा नाय,
लांब पडाचा नाय.
बाकी डोंगर, दरी, कायेक नाय."

मी विचारलं, फुडे कोण आसायचो?

"नाव म्हायत नाय," ते म्हणाले. "गोल म्हायत."
पंक्चरचे पैसे सुटे दिले,
हवा एकदा दाबून बघितली
आणि गेले.

त्या रात्री रुझार जेवायला घरी गेला नाही.
वायर ओढली, बल्ब मोटरसायलीचा,
काकीला सांगितलं नाही.

आता रुझारच्या दोन्ही डोळ्यांत मोती.
बाकावर बसून आवाजावरून इंजिन ओळखतो,
आणि एप्रिल आला की विचारतो,
"पांढरो लावलंस?"
लावला.
"किती हात?"
दोन.
"तिसरो लाव. खारो वारो आसा."

तिसरा हात लावायला मी पाठीवर सरकत जातो,
शर्टात वाळू, कपाळावर ग्रीसचा थेंब.
बटण दाबून येतो, परत सरकतो.
बाहेर टळटळीत ऊन, त्यामुळे दिवा लागलाय की नाही
तळहाताची सावली धरल्याशिवाय कळत नाही.
मग थोडा मागे होतो. आणखी थोडा.
लगीत नाही, लांब नाही.
तसाच पडून राहतो

तोवर काकीची हाक येते,
भरती चुकली तर होडी काय तुझो बापूस ओढतलो?