असेल

गुरुवारी साडेपाचला
मी आमच्याच दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसते.
मोबाइल स्टिअरिंगला टेकवते. आतून लॉक.
मुलांना वाटतं, आई ऑफिसच्या कॉलवर आहे.

काचांवर वाफ धरते आणि पडद्यावर येते मॉरवेना,
तिकडे कॉर्नवॉलच्या टोकाला. तिच्या मागे खिडकी,
खिडकीत समुद्राचा जेमतेम चतकोर,
आणि कधीकधी एक गलेलठ्ठ सीगल,
जो माझं सगळं ऐकून घेतो आणि उडून जातो.

तीन आठवडे मी तिला हवामान सांगितलं.
चौथ्या गुरुवारी म्हणाले,
मी माणसं मारते.
म्हणजे मारत नाही. म्हणजे मला माहीत नाही.
चाक खड्ड्यात जातं, धप्प होतं,
आणि दोनशे यार्ड पुढे गेल्यावर
तो खड्डा उरत नाही, कुणीतरी होतं ते.

ती दचकली नाही. चष्मा वर सरकवून एवढंच विचारलं,
'मग परत किती वेळा जातेस?'

मिल्टन कीन्समध्ये परत जाणं फार सोपं.
गावच गोल गोल. जिथे तिथे राउंडअबाउट,
उजवा इंडिकेटर लावला की झालं,
रस्ता विचारत नाही, आत्ताच तर गेलीस ना?
एका नोव्हेंबरात, चाइल्ड्स वे ते सॅक्सन स्ट्रीट,
देव न मानणाऱ्या मी
अकरा प्रदक्षिणा घातल्या एका खड्ड्याला.
आणि दर फेरीला नवीन शंका:
मगाशी मागे बघता बघता
पुढच्या कुणाला उडवलं तर नाही?
डिकीत फ्रोझन मटारचं पाणी झालं.

मग टॉर्च लावून टायर.
एक पान चिकटलेलं, ओलं, तांबडं, मेपलचं.
ते खरवडून त्याचा वास घेतला.
मग अंथरुणात हेरंबला: काही नाही झालं ना?
'काही नाही झालं.'
नीट सांग.
'काही नाही झालं गं.'
'गं' का म्हणालास?
बिचारा. त्याचं ते वाक्य म्हणजे माझी गोळी,
असर वीस मिनिटं.

एका गुरुवारी त्यालाही बोलावलं.
मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी.
मॉरवेना म्हणाली, यापुढे खात्री द्यायची नाही.
नुसतं म्हणायचं: मेबी. मेबी नॉट.
हे मराठीत कसं म्हणायचं, यावर तो दोन दिवस अडला.
कदाचित? बातम्या वाचल्यासारखं वाटतं.
शक्यता आहे? ते वेधशाळेचं.
शनिवारी रात्री मी विचारलं, काही नाही झालं ना,
आणि तो भिंतीकडे कूस वळवत म्हणाला,
'झालं असेल.'

त्या रात्री मी खरोखरच एका माणसाचा जीव घेणार होते.

पण असेल हा तर घरातलाच शब्द.
दूध नासलं का? असेल.
बेल वाजली का? वाजली असेल.
खांदे न हलवता खांदे उडवणारा.
कुणी कधी त्यासाठी टॉर्च काढला नाही.

परवा मंगळवारी, धुक्यात, सॅक्सन स्ट्रीटवर
धप्प.
राउंडअबाउट आला. बोट इंडिकेटरवर गेलं.
तोंडाला तांब्याची चव.
कुणी पडलं असेल का तिथे?
असेल.
हे मी मोठ्यांदा म्हणाले, बहुधा किंचाळले,
आणि सरळ गेले. सरळ. पहिल्यांदाच कळलं
की हा रस्ता पुढे कुठे जातो:
एक टायरचं दुकान, मग कालवा.

'भीती शंभरात किती?' मॉरवेना वही उघडून विचारते.
पंचाण्णव.
'आणि घरी पोचल्यावर?'
ते बघायचं राहिलं. मटार फ्रीझरमध्ये ठेवत होते.

ती हसते, लिहून घेते.
बुधवारी मात्र मी परत गेले होते. दोनदा.
तेही सांगायचंय.
सीगल येऊन बसलाय खिडकीत,
तो जाऊ दे आधी.