अठरावा बटाटा

पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटत नाही.
ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत.
पहिल्या दिवशी मी कीबोर्ड उलटा करून झटकला.
पावाचा चुरा पडला, मुलाचा,
तो पोर्तो मोंतला नोकरीला गेला त्याआधीचा.
यास्ना म्हणाली, रेमिहिओकाका, तो ऐकतोय.
नुसतं दाखवत नाही.

यास्ना मिल्यालोंको, वय चौदा.
आचाओच्या वाचनालयात दर गुरुवारी मला लिनक्स शिकवते.
मी एकोणचाळीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं उघडली,
कानानं सांगायचो कुठला सिलिंडर रुसलाय.
हे यंत्र आवाजच करत नाही.
काळी चौकट, आणि उघडझाप करणारा कर्सर,
बोला, म्हणत उभा.

याचे किती द्यायचे, मी विचारलं.
काही नाही.
मग बनवलंय कुणी?
खूप जणांनी, ती म्हणाली आणि बाहीला नाक पुसलं.
पुढचं तिला समजवावं लागलं नाही.
चिगुआईचं घर भरतीच्या पाण्यावर तरंगवून
पलीकडच्या बेटावर नेलं, तेव्हा दोराला माझेही हात होते.
मजुरी म्हणजे पातेलंभर शिंपले आणि सफरचंदाची दारू.
मिंगा म्हणतो आम्ही त्याला.
दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, ठाऊक नाही.

चुकलं की तो लगेच बोलतो:
अशी फाईल नाही. परवानगी नाही.
बरोबर झालं तर गप्प.
एदुविना अशीच होती.
चूल नीट पेटवली तर एक शब्द नाही,
ओलं लाकूड घातलं की ऐकावं लागायचं.

तिची वही होती. अठरा वाणांचे बटाटे,
कुठला वाफा, बेणं कुणाकडून आलं.
छप्पर गळून पानं चिकटली.
चाकूच्या टोकानं सोडवत मी सगळं टाईप केलं,
एका बोटानं, चार आठवडे.
झाल्यावर त्याच वहीनं चूल पेटवली.
आता कशाला हवी, म्हटलं.

पुढच्या मंगळवारी, घरी एकटा असताना,
जरा आवराआवर करावी म्हणून
मी आर-एम लिहिलं, पुढे एक चांदणी.
एंटर.
तो काही बोलला नाही.
मी खूश. गप्प म्हणजे बरोबर.
मग एल-एस लिहून विचारलं, काय काय आहे?
तरी गप्पच.

यास्ना रागावली नाही.
इथं कचऱ्याची टोपली नसते, एवढंच म्हणाली,
अरे आजोबा, असंही म्हणाली, चुकून.
वाचनालयाच्या मशीनवर नवी फाईल उघडून दिली.
माझं यंत्र घरी मिटून ठेवलेलं,
उघडायची लाज वाटत होती.
काळी मिचुन्ये. ब्रुहा. क्लाव्हेला. लाल ग्वादाचो.
शिंगासारखा वाकडा काब्रा.
करत करत सतरा आले.
अठरावा येईना.

वाफ्याशी जाऊन बसलो. पानं ओळखीची,
मातीत हात घातला तर जांभळा, गाठीगाठींचा, तोच.
नाव नाही.
शेजारच्या मान्सियाबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, अहो, ते तर तुमच्या बायकोनंच ठेवलेलं,
आम्ही त्याला जांभळा म्हणतो.

रविवारी पाऊस लागला. चहा ओतला
आणि कंटाळून यंत्राचं झाकण उघडलं.
त्यानं पासवर्ड विचारला.
मी खिडकीबाहेर बघत होतो, बोटं आपसूक चालली,
पडद्यावर नेहमीसारखं काही नाही,
आणि सहाव्या की सातव्या अक्षरावर
बोट थबकलं.

एंटर दाबायच्या आधी मी ते नाव मोठ्यानं म्हटलं.
स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.
किटली होती.

आता फाईलीत अठरा नावं आहेत.
एक प्रत यास्नाकडे,
म्हणजे माझा पासवर्डही तिच्याकडेच आहे,
अठरातला कुठला, ते सोडून.
ती म्हणते, लगेच बदला, असं कुणी ठेवतं का.
हो म्हटलंय.
बघू.