लामाखाली तीन ठिपके

तीन वर्षं मी गोबाल होतो.
अरबीत प नाही, ळ तर नाहीच.
मनामाच्या रेडिओ स्टेशनात
टेलिप्रिंटरचा कागद फाडून आत नेणाऱ्याला
एवढं नाव पुष्कळ होतं.

बदरिया खलफ संध्याकाळच्या बातम्या वाचायच्या.
पहिल्या बाईच त्या.
पहिल्याच आठवड्यात कुण्या म्हाताऱ्यानं फोनवर विचारलं,
वाचणारा पुरुष आजारी आहे का?
त्या म्हणाल्या, हो, आणि दुखणं लांबणार आहे.

मग ती शमालची रात्र.
उत्तरेचा वारा चार दिवस दारांच्या फटींतून
वाळू आत लोटत होता.
कागद आला दोन ओळींचा:
लाँच बुडाली. नाखवा अमुक, त्याचा मुलगा तमुक,
आणि इतर सात.

बाईंनी ‘इतर’वर बोट ठेवलं.
हे कुठल्या गावचे?

बंदरावरचा कुट्टप्पन झोपेतून उठला,
हजेरीबुक फोनवर वाचत गेला, मी लिहीत गेलो.
हासम थैम, मांडवी.
अळगप्पन, नागपट्टणम.
इस्माईल परकार, दाभोळ.
धोंडू पाळशेतकर, वेळणेश्वर.
इथं पेन थांबलं.
धोंडूची आई आमच्या आगरात सुपाऱ्या सोलायला यायची.
कुट्टप्पन तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.
अजून तीन होते.

बुलेटिनला अकरा मिनिटं.
तेवढ्यात बाई ळ शिकल्या.
पालशेतकर. पाडशेतकर. पार्शेतकर.
‘गोबाल, तुझी जीभ कुठे जाते, दाखव.’
आणि मी, तिशीचा गडी, बाईमाणसासमोर
आ वासून उभा.
त्यांनी अरबीत नाव लिहिलं
आणि लामाखाली तीन ठिपके दिले.
त्या अक्षराला त्या इमारतीत
आम्हा दोघांखेरीज कुणी ओळखत नव्हतं.

सातही नावं वाचली, गावांसकट.
बातम्या चाळीस सेकंद लांबल्या.
बाहेर येताना म्हणाल्या, ‘शुक्रन, गोपाळ.’
प सकट.

सकाळी साहेब: ही नावं कुणासाठी? इथं यांना कोण ओळखतं?
त्यावर बाईंनी माझ्याकडे बघितलं फक्त.
मग चार महिने त्यांना भाजीबाजाराचे भाव.
भेंडीसुद्धा त्यांनी तशीच वाचली,
कुठल्या बागेतली, कुणाच्या हातची.

पुढे टीव्ही आला. पोतंभर पत्रं यायची,
बहुतेक केसांबद्दल.
युद्धाच्या त्या रात्री, काचांवर चिकटपट्ट्या,
हातात खात्रीचा एक कागद नाही,
त्या कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या,
‘आम्हांला अजून कळलेलं नाही.’
(हे वाक्य आता त्यांना मराठीतही जमलं असतं.)
आणि नऊ सेकंद गप्प.
त्या रात्री शहर निवांत झोपलं म्हणतात.
मी नाही झोपलो.

परवा गेल्या.
पेपरात आलं: पहिला आवाज, पहिला चेहरा,
पुरस्कारांची यादी, एक तरुणपणीचा फोटो.
वही मात्र अजून स्टुडिओ दोनच्या खणात आहे,
कोपरे तेलकट झालेली. नेपाळी नावं, मल्याळी, बंगाली,
कुणाकुणाच्या अक्षरात, ज्याचे त्याचे ठिपके.

काल रात्री साडेदहाला फोन वाजला.
नवी मुलगी आहे, दाना. चोवीस वर्षांची असेल.
मागे माणसांची धावपळ ऐकू येत होती.
कामगारांच्या खोल्यांना आग लागलीय.
वहीत तुमचा नंबर सापडला.
हा लाम, खाली तीन ठिपके, कसा वाचायचा?
सात मिनिटं आहेत.

मी चाचपडत कवळी बसवली.
म्हटलं, जीभ मागे वळव. टाळूला लाव.
आता सांग, नाव कुणाचं आहे.