अकरा पास

मिरजेत त्याला आता आवळे सर म्हणतात.
विल्या म्हणणारे आम्ही दोघं-तिघं उरलो,
त्यातला एक मी,
शनिवारी संध्याकाळी डालड्याच्या डब्याला भोकं पाडून
मैदानावर चुन्याची रेघ ओढणारा.

एक्क्याण्णव साली, आंतरविद्यापीठ स्पर्धेत,
मधल्या रेषेपासून एकटाच निघाला होता हा
डाव्या पायाने चौघांना वळसे घालत.
उजवीकडे मी मोकळा. पूर्ण मोकळा.
“विल्या, दे! अरे दे की!”
दिला नाही.
गोल झाला, म्हणून कुणी विचारलं नाही.
पेपरात फोटो आला. त्यात अगदी कडेला
माझा वर केलेला हात आहे,
लोकांना वाटतं, आनंदाने.

त्याच एका गोलावर कॉलेजने नोकरी दिली,
आधी तासिकेवर,
मग अजून तासिकेवरच.
पत्रात ‘मुख्य प्रशिक्षक’ असं लिहिलंय.
दुय्यम कुणी नाही.

सहा हंगाम झाले. दोन सामने बरोबरीत.
जिंकला एकच, तोही
अंकलीच्या पुलाला पाणी लागलं
आणि समोरचा संघ पोचलाच नाही म्हणून.
प्राचार्य विचारतात, “निकालाचं काय, आवळे?”
हा रुमाल काढून
घाम नसलेलं कपाळ पुसतो.

पोरं टिकत नाहीत.
सोहेल पोलीस भरतीचं पळायला गेला, तो गेलाच.
तवटे कुपवाडला रात्रपाळीत असतो,
सकाळी येतो आणि झोपेतच हेडर मारतो.
गोलकीपरचे हातमोजे मोटारसायकलचे.

परवा जयसिंगपुरात पाच-शून्यने मागे होतो.
रेषेवर उकिडवा बसून विल्या काहीतरी पुटपुटत होता.
मला वाटलं, प्रार्थना.
जवळ गेलो तर आकडे.
“पाच… सहा…”
बॉल तवटेकडून मुजावरकडे, मुजावरकडून मागे,
मागून पुन्हा पुढे, “आठ… नऊ…”,
तिथून उजवीकडे, लांब,
जिथे हात वर करून एक बारकं पोरगं
मोकळं उभं होतं.
त्याला मिळाला.
त्याने परत दिला.
“अकरा!”

मग हिसकावला गेला. अर्ध्या मिनिटात सहावा गोल.
विल्या उभा राहून टाळ्या वाजवतोय.
कट्ट्यावरचा एक म्हातारा म्हणाला,
“हा नेमका कुणाच्या बाजूचा रं?”

परतताना एसटीत त्याने वही काढली.
निकालाच्या रकान्यात अकरा लिहिले,
खाली दोन रेघा मारल्या,
दुसरी जरा जास्तच दाबून.
मी खिडकीबाहेर बघत बसलो.
उदगावच्या पुढे कुठेतरी
शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे सरकली,
माझ्याकडे न बघता, डाव्या हाताने.

घेतली.
निम्मे खवट निघाले.
खाल्ले.