थंड इंजिन

इंजिन थंड ठेवा, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका,
फोनवर दोनदा सांगितलं होतं.
तरी फेरीतून दिवाडीला उतरून
पिएदादचा चढ चढून पोचलो, तेव्हा
उल्हास च्यारीने बॉनेटवर पालथा हात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गरम."

गरम म्हणजे काय, ते त्याने वाटेतच शिकवलेलं.
सकाळचा खोकला कोणीतरी आधीच काढून टाकलाय.
गिऱ्हाईक येईस्तोवर घसा साफ.

बाल्कांवात एर्मेलिंदा बाय उभ्या, हातात चहाचा ट्रे.
"थांबतो आम्ही," च्यारी म्हणाला. "निवू दे."

निवेपर्यंत बाकीचं.
फडक्यात गुंडाळलेलं चुंबक त्याने दारावरून फिरवलं.
पत्रा, पत्रा, पत्रा,
आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी ते अलगद घसरलं:
वर लाल रंग, खाली बोटभर लांबी,
मध्ये गाडी नाहीच.
जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला,
तो पिकल्या चिकूत जावा तसा आत गेला.
पायाखालचं कार्पेट उचललं, खाजनातल्या पाण्याचा वास आला.
टायरची नक्षी नवी, रबराला मात्र तडे,
चारही एकाच बाजूने चपटे, उभं राहून राहून.
ऑइलचं झाकण उन्हात धरलं. साय नाही.
"हें बरें," एवढंच.

मी वहीत लिहीत होतो, प्रत्येक ओळीपुढे रुपये.
फोंड्याच्या शाळेत गणित शिकवतो, वय बावन्न.
दोन दारांच्या या गाडीत घरातली चार माणसं कशी बसणार,
हे बायकोने विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.
दोष सापडला की बरं वाटत होतं,
बेरीज वाढत होती,
आणि चहा तर त्यांचाच पीत होतो.

"आज आयतार ना," बाय अचानक म्हणाल्या.
"मीसाहून आले की दहा मिनिटं चालू करते.
मला चालवता येत नाही. नुसती चालू करते.
तो तारवावर जायचा तेव्हा सांगून जायचा, तशी.
तुमचा फोन लक्षात होता. हात गेला."

च्यारीने चुंबक पुसून खिशात टाकलं.
तरी दोन तास निवू दिलीच. तो तसाच माणूस.

मग चावी.
एकदा खोकली, दुसऱ्यांदा धरली,
निळा धूर नीरफणसाच्या पानांत शिरला
आणि च्यारी मोठ्याने मोजू लागला,
नवाला धूर विरला.
"वॉल्वची रबरं. लिही बारा हजार."

खाजनाच्या बांधावरच्या रस्त्याने नेली.
दुसरा गियर लोण्यासारखा.
तिसऱ्याला असा काही ओरडली
की शेतातले बगळे उठले.

परत येऊन तेवढं सांगितलं, तर बाय आत गेल्या
आणि एक निळी वही घेऊन आल्या.
रोमी लिपीत नवऱ्याचं बारीक अक्षर,
एकोणीसशे ब्याण्णवपासूनचा ऑइलचा प्रत्येक थेंब.
शेवटच्या पानावर: घेणाऱ्याला सांगायचं.
मागची कमान. जॅकची जागा.
तिसऱ्याला क्लच दोनदा दाब, घाई करू नको.
डावी काच पावसात उघडू नये, वर येत नाही.
"आधी का नाही दाखवली?"
"तुम्ही शोधत होता," बाय म्हणाल्या.

माझी आणि त्याची यादी जवळपास तीच.
काचेचं आम्हाला सापडलं नव्हतं.
त्याच्या ओळींपुढे रुपये नव्हते.

मी माझं पान दुमडलं.
किती कमी केले ते सांगत नाही,
च्यारी अजून बोलत नाही माझ्याशी.

फेरीवर तिरकी चढव, पोट घासतं,
हेही त्याने लिहिलं होतं.
तिरकी चढवली.
तरी घासली.